नौकेवरील अग्नि : चुलीपासून गॅसपर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासावर एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा मूळपुरुष, मूळगाव, आडनावांची व्युत्पत्ति किंवा जलदुर्गांवरील पूर्वजांचे पराक्रम असे काही असावे. ते विषय थोर आहेत, आणि आजवरच्या अंकांतून विद्वान ज्ञातिबंधूंनी त्यांचा यथायोग्य परामर्श घेतलेलाही आहे. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक. ताम्रपट आम्हांस वाचता येत नाहीत, आणि वंशावळींच्या वादात पडण्याचे आमचे वय नाही. म्हणून ज्या वस्तूचा इतिहास कोणी लिहीत नाही, परंतु जिच्यावाचून आपल्या वाडवडिलांची एकही सफर पार पडली नाही, अशा एका वस्तूविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. ती वस्तु म्हणजे नौकेवरची चूल.

समुद्रावर माणसाला दोन शत्रु आहेत, पाणी आणि अग्नि. पैकी पाणी बाहेर असते. त्याच्याशी झुंजण्याचे शिक्षण आपल्या मुलांना पाळण्यापासून मिळते. अग्नि मात्र आपण स्वतःच्या हाताने बोटीत आणून ठेवितो, कारण उपाशी पोटी जाळे ओढता येत नाही. लाकडाची नौका, डांबराने आणि तेलाने माखलेल्या फळ्या, सुताचे दोर, कापडाचे शीड, आणि या सर्वांच्या मध्ये पेटलेली चूल! विचार करू जाता यापेक्षा धाडसाची गोष्ट दुसरी नसेल. तरीही शतकानुशतके ती सुखरूप चालली, याचे कारण त्या चुलीला काही शिस्त होती.

आमच्या आजोबांचा पडाव मंगलोरी कौले आणि इमारती लाकूड घेऊन मुंबईस जात असे. त्या पडावावरील चूल आम्ही पाहिली नाही, परंतु तिचे वर्णन वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे, की ती डोळ्यांपुढे उभी राहते. जाड फळ्यांची एक पेटी, तिच्यात वीतभर जाड वाळू आणि माती चोपून बसविलेली, वर तीन दगड, आणि तिन्ही बाजूंनी वारा अडविणारा पत्रा. ही पेटी उघड्यावर, शिडापासून शक्य तितकी दूर. शेजारी खाऱ्या पाण्याने भरलेले एक डालडाचे डबडे नेहमी ठेवलेले. चुलीचा अधिकारी एकच, तो म्हणजे भंडारी. (येथे भंडारी हा शब्द ज्ञातिवाचक नव्हे. जहाजावरील स्वयंपाक्यास आपल्या किनाऱ्यावर भंडारी म्हणत, आणि इंग्रजांच्या आगबोटींवरील हिंदी खलाशांतही तेच नाव रूढ झाले.) भंडाऱ्याखेरीज दुसऱ्याने चुलीत काडी घालावयाची नाही, मग तो तांडेल का असेना. वारा वाढला की पहिली आज्ञा शिडाची नसे, चुलीची असे. निखाऱ्यांवर पाणी पडे, आणि त्या दिवशी सर्वांनी भिजविलेले पोहे आणि गूळ खाऊन राहावयाचे. वडील सांगत, की आजोबांनी एका भंडाऱ्याला भात करपविला म्हणून कधी शब्दाने दुखविले नाही. परंतु रात्री निखारा झाकून ठेवला म्हणून त्याला पुढच्याच बंदरात उतरवून दिले.

जळती नौका म्हणजे काय, हे आपल्या किनाऱ्याने एकदा अशा रीतीने पाहिले आहे, की त्याची आठवण विजयदुर्गाच्या खाडीत अजून निघते. कान्होजी आंग्रे १७२९ साली निवर्तले, आणि पुढे भाऊबंदकीत आरमाराची वाटणी होऊन विजयदुर्ग तुळाजीकडे आला. तुळाजीचे आणि पेशव्यांचे पटले नाही. पेशव्यांनी इंग्रजांस मदतीस बोलाविले. १७५५ साली सुवर्णदुर्ग गेला, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह मुंबईहून आरमार घेऊन विजयदुर्गापुढे उभे राहिले. तुळाजीची गुराबे आणि गलबते किल्ल्याच्या आश्रयाला खाडीत एकमेकांस दोरांनी बांधून ठेवलेली होती. त्यांतच 'रिस्टोरेशन' नावाचे एक मोठे जहाज होते. ते तुळाजीने काही वर्षांपूर्वी कंपनीकडूनच जिंकून घेतले होते. इंग्रजांच्या तोफांतून सुटलेला एक पेटता गोळा नेमका त्या जहाजावर पडला. जहाज पेटले, दोर पेटले, शेजारची गुराब पेटली, आणि बघता बघता ज्या आरमाराने अर्धशतक पश्चिम समुद्रावर दरारा बसविला होता, ते सगळे जळून गेले. लढाईत बुडालेली जहाजे थोडी, आगीने गेलेली सर्व.

या प्रसंगी पेशव्यांनी परक्यास घरात घेतले हे योग्य की अयोग्य, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. आमच्या मते ती मोठी चूक होती. परंतु येथे आम्हांस वेगळीच गोष्ट सांगावयाची आहे. नौका एकमेकींस बांधल्या होत्या त्या वाऱ्या-ओहोटीत सुरक्षित राहाव्यात म्हणून. पाण्यापासून रक्षण करणारा दोरच आगीची वाट झाला. एका शत्रूसाठी केलेला बंदोबस्त दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, ही गोष्ट पुढे गॅसच्या प्रकरणात पुन्हा आमच्या अनुभवास आली.

युरोपीय लोकांची रीत काहीशी निराळी होती. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' हे युद्धनौकांतील नामांकित जहाज १५४५ साली पोर्टस्मथपुढे बुडाले आणि १९८२ साली समुद्रतळातून वर काढण्यात आले. त्याच्या अगदी पोटात विटांनी बांधलेल्या दोन भट्ट्या आणि त्यांवरील प्रचंड हंडे सापडले. शेकडो माणसांचे अन्न त्यांत शिजे. पुढे अठराव्या शतकात विटांऐवजी लोखंडी चुली आल्या. लढाईचा इशारा झाला की स्वयंपाकघरातील आग प्रथम विझवावयाची, हा त्यांच्या आरमारातील नियम. कारण त्याच जहाजावर दारूचे कोठार असे. म्हणजे पद्धती कितीही भिन्न असोत, आजोबांचा पडाव आणि इंग्रजांची युद्धनौका यांचा सिद्धान्त एकच, की आग उघड्या डोळ्यांसमोर असावी आणि नको तेव्हा ती पूर्णपणे विझवावी.

त्यानंतर वाफेचा जमाना आला. आपल्या भाषेने त्या जहाजाला फार समर्पक नाव दिले, आगबोट. इंग्रजाने वाफेवरून नाव ठेविले, आपण आगीवरून ठेविले. कारण लाकडी नौकेवर जन्म काढलेल्या माणसाला नवल वाफेचे नव्हते, जहाजाच्या पोटात एवढी मोठी आग कोंडून लोक निर्धास्त झोपतात याचे होते. ती निर्धास्ति नेहमीच टिकली असे नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर कापसाच्या गासड्यांना आग लागली. त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये भरलेली होती. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि गोदीचे घड्याळ तेथेच थांबले. पुढे काही दिवस मुंबई जळत होती. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे त्या काळी गोदीवर पोट भरीत असत, त्यामुळे या घटनेच्या कथा घरोघर आहेत, आणि त्या येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही.

लाकडाच्या चुलीला पहिला धक्का दिला तो रॉकेलच्या स्टोव्हने. १८९२ साली स्वीडनमधील लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने वात नसलेला, पंपाने हवा भरून चालणारा स्टोव्ह तयार केला, त्याचे नाव प्राइमस. पुढच्याच वर्षी नान्सेन तो उत्तर ध्रुवाकडील सफरीत घेऊन गेला. बर्फातून हिंडणारा हा स्टोव्ह यथाकाल आपल्या ओटीवर आणि मग बोटीवरही आला. काकडा पेटवावयाचा, पंप मारावयाचा, मध्येच पिन घालावयाची, आणि त्याचा तो घर्रघर्र आवाज! त्याच्याही आगी लागत, माणसे भाजत. परंतु रॉकेल सांडले तर दिसते, फडक्याने पुसता येते, आणि नेहमीच्या उष्णतेत ते काडी लावल्याखेरीज चटकन पेट घेत नाही. शिवाय स्टोव्ह पेटलेला असला तर त्याचा आवाज येतो आणि बंद झाला तर शांतता होते. हे सर्व आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण यानंतर जे आले त्यात दिसणे नाही आणि ऐकू येणेही नाही.

१९१० सालची गोष्ट. अमेरिकेत फोर्डच्या मोटारी नुकत्याच रस्त्यावर आल्या होत्या. पिट्सबर्ग येथे सरकारी खाणखात्यात वॉल्टर स्नेलिंग नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे एका मोटारवाल्याची तक्रार आली, की विकत घेतलेले पेट्रोल घरी पोचेपर्यंत अर्धे उडून जाते, मग पैसे कशाचे द्यावयाचे? स्नेलिंग यांनी त्या उडून जाणाऱ्या वाफा वेगळ्या केल्या. त्यांत प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायु सापडले. त्यांचा विशेष असा, की थोड्या दाबाखाली ते पाण्यासारखे पातळ होतात आणि दाब काढला की पुन्हा वायु होतात. एक भांडे द्रव सुटले तर अडीचशेहून अधिक भांडी वायु होतो. म्हणजे एवढ्याशा लोखंडी भांड्यात महिन्याचे सरपण! १९१२ साली पेनसिल्व्हेनियातील एका शेतकऱ्याच्या घरी या वायूवर पहिला स्वयंपाक झाला. आपल्याकडे मुंबईत १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने तो घराघरांत द्यावयास आरंभ केला, आणि १९६५ साली कलकत्त्यापासून इंडियन ऑइलचा 'इंडेन' सुरू झाला. आपण ज्याला बाटला किंवा टाकी म्हणतो ती हीच. तिच्यात १४.२ किलो द्रव असतो आणि तो प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण असतो. आमच्या मातोश्रींनी आयुष्यभर फुंकणीने चूल फुंकली आणि उतारवयात त्यांना गॅस मिळाला. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांतील धुराचे पाणी थांबले, हे आम्ही कधी विसरणार नाही. तेव्हा या वायूची निंदा करण्याचा आमचा हेतु नाही.

परंतु त्याचे गुणधर्म ध्यानात घेतले पाहिजेत. शुद्ध स्थितीत त्याला वास जवळजवळ नसतो. आपणांस जो कुजक्या कांद्यासारखा दर्प येतो, तो मागाहून मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा होय. हा दर्प मिसळण्याचा नियम कसा झाला, ते ऐकण्यासारखे आहे, आणि शिक्षक या नात्याने ते आम्हांस वगळवत नाही. टेक्सास प्रांतात न्यू लंडन नावाच्या गावी तेलाच्या पैशावर बांधलेली एक मोठी शाळा होती. खर्च वाचावा म्हणून तेथील मंडळाने पैसे देऊन घेतलेला वायु बंद करून तेलविहिरींवरचा टाकाऊ नैसर्गिक वायु नळीने शाळेत आणला. तो इमारतीखालच्या पोकळीत कोठेतरी गळत राहिला. मुलांची डोकी दुखत, एवढेच. वास नाही, म्हणून संशय नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटण्यास थोडाच अवकाश असताना, कार्यशाळेतील शिक्षकाने लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले आणि एका ठिणगीसरशी सगळी इमारत वर उचलली जाऊन खाली कोसळली. सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक गेले. ढिगाऱ्यात एक फळा सापडला, त्यावर खनिज तेल आणि वायु यांच्या उपकाराविषयी धडा लिहिलेला होता. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासने वायूत दर्प मिसळण्याचा कायदा केला आणि ती रीत पुढे जगभर गेली. आम्ही तीस-पस्तीस वर्षे रोज फळ्यावर लिहीत आलो. त्या फळ्याचा विचार मनात आला की खडू हातात असल्यासारखा वाटतो.

न्यू लंडनचा वायु हवेपेक्षा हलका होता, आपला गॅस हवेपेक्षा जड आहे. प्रोपेन दीडपट, ब्युटेन दुप्पट जड. तो धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि सखल जागी साचतो. घरात एखादे वेळी तो दाराच्या फटीतून, मोरीतून बाहेर जातो. आता बोटीची रचना पाहा. बोट म्हणजे मुळातच असे भांडे, की ज्याच्या तळातून थेंबभर पाणी आत येऊ नये. ज्या फटीतून पाणी आत येत नाही, त्या फटीतून गॅस बाहेर कसा जाईल? आपल्या सुतारांची सारी विद्या, सांध्यांत ठासलेला कापूस आणि राळ, ही सगळी पाण्यासाठी. आणि नेमकी तीच गॅसला कोंडून ठेवते. विजयदुर्गच्या दोरांची आठवण आम्ही वर केली, ती याचसाठी.

वाचकांपैकी जे गणित विसरले नसतील, त्यांनी एक हिशेब करून पाहावा. भरलेल्या टाकीतील गॅस मोकळा झाला तर सुमारे ६ घनमीटर जागा व्यापतो. हवेत शेकडा दोन भाग गॅस मिसळला की ती हवा पेट घेण्याजोगी होते. केबिन आणि तिच्याखालची पोकळी मिळून १० घनमीटर धरली, तर त्यातील २०० लिटर गॅस पुरे. त्याचे वजन अर्ध्या किलोहूनही कमी भरते! शेगडीची एक कळ रात्री उघडी राहिली तर तीन-चार तासांत एवढा गॅस सुटतो. आणि तो सगळीकडे सारखा मिसळत नाही, तळाशी दाट राहतो, म्हणून खाली धोका त्याहीपूर्वी सुरू होतो. वर फळीवर झोपलेल्या माणसाच्या नाकाला मात्र काही कळत नाही. त्यातून मासळी, डिझेल, जाळी यांचा वास असतोच. त्यात कांद्याचा वास कोण हुडकणार?

असो. हा गॅस आपल्या बोटींवर आला तो कोणाच्या हौसेने नव्हे. शिडाच्या होड्या सकाळी जात आणि संध्याकाळी परत येत. फार तर एखादी रात्र बाहेर. स्वातंत्र्यानंतर बोटींना यंत्रे बसविण्याचा प्रयत्न सुरू झाला. केरळात नॉर्वेच्या साहाय्याने १९५२ साली त्याच हेतूने योजना निघाली, आणि आपल्या राज्यातही सरकारी कर्जे मिळू लागली. यंत्र आले, पाठोपाठ बर्फ आला, बोटी मोठ्या झाल्या, मासळी किनाऱ्यापासून लांब गेली, आणि आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रावर राहणे भाग पडले. एवढ्या दिवसांचे सरपण नेणे शक्य नाही; रॉकेल दुर्मिळ झाले. मग घरची टाकी उचलून बोटीवर गेली. नियमाप्रमाणे घरगुती टाकी घरापुरतीच असते, हे सर्वांस ठाऊक आहे, आणि सर्वजण डोळेझाक करतात हेही ठाऊक आहे. ती टाकी ऊन-पावसात भिजू नये, लाटेने वाहून जाऊ नये, बंदरात चोरीस जाऊ नये, म्हणून काळजीपूर्वक केबिनच्या आत ठेविली गेली. त्याहूनही काळजी करणाऱ्यांनी ती फळीखाली, बोटीच्या पोटात ठेविली.

आमच्या थोरल्या भगिनीच्या चिरंजीवांची बोट आहे. २०१४ सालच्या मार्चमध्ये ती खाडीच्या तोंडाशी नांगरून पडली होती. पहाटे निघावयाचे म्हणून भंडारी सर्वांच्या आधी उठला आणि चहासाठी त्याने काडी ओढली. रात्री शेगडीची कळ पुरती बंद झाली नव्हती, की रबरी नळीला चीर होती, हे नक्की कधीच ठरले नाही. केबिनचे छप्पर उडाले. दोघे पाण्यात फेकले गेले म्हणून वाचले. भंडारी चौथ्या दिवशी इस्पितळात वारला. वय बावीस.

त्या मुलाला आम्ही चौथीत शिकविले होते. हुषार नव्हता, परंतु सांगितलेले विसरत नसे. परिसर अभ्यासाच्या तासाला पेटत्या मेणबत्तीवर कागदाचे भिरभिरे धरून आम्ही वर्गाला दाखवीत असू, की गरम हवा हलकी होते आणि वर जाते, धूर वर जातो. तो मुलगा ते भिरभिरे धरण्यासाठी नेहमी पुढे येत असे. त्याच्या आईला भेटावयास गेलो, तेव्हा वाचलेल्या खलाशांपैकी एकाने सांगितले, की त्याला अंमळ वास आला होता. म्हणून त्याने केबिनची वरची झडप उघडली, थोडा वेळ थांबला, आणि मग काडी ओढली. वास वरून निघून जाईल, अशी त्याची समजूत. ही समजूत त्याला कोणी दिली, हे त्या घरात बसलेल्या कोणी आम्हांस विचारले नाही.

त्या वर्षीच्या पावसाळी बंदीत बोट किनाऱ्यावर ओढली, तेव्हा आम्ही भाच्याकडे गेलो. दरम्यान मुंबईस असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडून (तो जहाजावर इंजिनियर आहे) परदेशातील नियम मागवून वाचले होते. अमेरिकेत १९५४ सालापासून छोट्या बोटींच्या बांधणीचे नियम ठरविणारी एक संस्था आहे, आणि युरोपातही त्याच धर्तीचे नियम आहेत. ते वाचून आम्हांस पहिल्यांदा आश्चर्य वाटले आणि नंतर हसू आले. कारण एवढ्या सगळ्या कलमांचा अर्थ आजोबांच्या चुलीत होता. आग जेथे आहे ती पेटी वेगळी, उघड्यावर, आणि तिचा कारभार एका हाती.

मुख्य गोष्ट टाकीच्या जागेची. टाकी केबिनमध्ये नको, फळीखाली तर मुळीच नको. तिच्यासाठी स्वतंत्र पेटी करावी, जिचे झाकण फक्त वरून उघडते आणि जिच्या बाजू व तळ बोटीच्या अंगाशी पूर्ण बंद आहेत. पेटीच्या अगदी तळातून निदान अर्धा इंच व्यासाची नळी उतरती काढून ती थेट बोटीबाहेर सोडावी, पाण्याच्या पातळीच्या वर, आणि खिडकी, दार, झरोका यांपासून सुमारे अर्धा मीटर दूर. गॅस गळला तर तो जड असल्यामुळे आपणहून त्या नळीने समुद्रावर जातो. ज्या गुणाने तो घातक, त्याच गुणाने तो निघून जातो. यात शास्त्रज्ञांची खरी बुद्धि दिसते. टाकी पेटीत उभी आणि पट्ट्याने आवळलेली असावी, कारण ती आडवी झाली तर वायूऐवजी द्रवच नळीत शिरतो. पेटीत दिवा, बॅटरी, विजेची तार काही नको. पेटीपासून शेगडीपर्यंत नळी एकसंध, मध्ये जोड नाही. जेथे ती फळीतून पार जाते तेथे घासू नये म्हणून गुंडाळी, आणि भोक गच्च बंद. शेगडी अशी हवी, की ज्योत विझली तर गॅस आपोआप थांबेल. आपल्या घरगुती शेगडीला बहुधा ही सोय नसते. आणि स्वयंपाक झाला की शेगडीची कळ बंद करण्यापूर्वी टाकीवरची कळ बंद करावयाची, म्हणजे नळीत उरलेला गॅसही जळून जातो. परदेशी बोटींवर यासाठी विजेची झडप असते आणि तळाशी गॅस हुंगणारे यंत्रही बसवितात. ज्याला परवडेल त्याने ते जरूर बसवावे.

भाचा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मामा, आजवर कोणाच्या बोटीला असली पेटी होती?"

आम्ही म्हटले, "अरे, आजवर कोणाच्या बोटीवर गॅस होता?"

तो काही बोलला नाही. खर्चाची अडचण त्याने सांगितली ती खोटी नव्हती. केबिन नव्याने बांधण्यात तो कर्जबाजारी झाला होता. पेटीसाठी डेकवर जी जागा आम्ही दाखविली, तेथे जाळी ठेवीत, म्हणून तांडेलही नाखूष होता. दोन दिवस वाद झाला. तिसऱ्या दिवशी आमची भगिनी किनाऱ्यावर आली आणि पेटी झाल्याखेरीज बोट पाण्यात जाणार नाही, एवढेच बोलून परत गेली. सुताराने सागवानी फळ्यांची पेटी केली, आतून पत्रा आणि राळ बसविली, आणि तळातून नळी काढली. पहिली नळी त्याने सवयीने पेटीच्या बाजूला मध्यावर काढली होती, पावसाचे पाणी लवकर निघावे म्हणून. ती बुजवून पुन्हा तळाशी काढावयास लावली.

मग तपासणी. परदेशात टाकीजवळ दाब दाखविणारे घड्याळ बसवितात. टाकी उघडून काटा पाहावयाचा, टाकी बंद करून निदान तीन मिनिटे थांबावयाचे, काटा उतरता कामा नये. आपल्या टाकीच्या रेग्युलेटरला तशी सोय नाही. परंतु आमच्याजवळ शाळेतील युक्ति होती. दोन-अडीच फुटांच्या फळीवर पारदर्शक नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवून बसविली, तिच्यात निळीचे पाणी अर्ध्यापर्यंत भरले, मागे सेंटीमीटरची पट्टी चिकटविली. शेगडीजवळ तात्पुरता तिहेरी जोड घालून एक टोक त्याला लावले. रेग्युलेटरमधून येणारा दाब सुमारे ३० सेंटीमीटर पाणी उचलील इतका असतो. कळ उघडली, पाणी एका बाजूस खाली गेले आणि दुसऱ्या बाजूस वर चढले, दोहोंत तिशीच्या थोडे वर अंतर पडले. कळ बंद केली. भाच्याने मोबाइलवर वेळ लावली. पहिल्या दोन मिनिटांत पाणी हलले नाही असे वाटले. चौथ्या मिनिटाला अंतर २६ वर आले होते. सर्वजण नव्या कोऱ्या नळीकडे पाहू लागले. साबणाचा फेस लावून पाहिला, तेव्हा बुडबुडे आले ते शेगडीच्या जुन्या कळेपाशी. ही शेगडी भाच्याने काटकसर म्हणून घरून आणली होती.

शेगडी बदलली. पुन्हा निळे पाणी चढविले, आणि या वेळी दहा मिनिटे थांबलो. पाणी रेघेवर स्थिर राहिले. फळीजवळ उकिडवा बसून ते पाहणारा होता त्या भंडाऱ्याचा धाकटा भाऊ. त्याला भाच्याने त्याच हंगामापासून बोटीवर घेतले होते. फळी सोडविली, तात्पुरता जोड काढून नळी शेगडीला नीट आवळली, त्या सांध्यावर पुन्हा फेस लावून पाहिला, आणि मग त्याने चहा ठेविला.

ती फळी आता त्याच्याच घरी असते. दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी तो ती घेऊन निघतो, आणि आमच्या वाडीतील सात बोटींवर निळीचे पाणी चढवितो. एकंदर बोटी अकरा आहेत.